रिना रामटेकेच्या गाडीचं काजळ

वाघानं रिना रामटेकेच्या गाडीचे डोळे काढले, ही बातमी ऊर्जानगरात सकाळी साडेसातला फुटली आणि आठची कंपनी बस सुटेपर्यंत त्या वाघाची वाघीण झाली, तिला दोन बछडेही झाले. पहिल्या साक्षीदार समोरच्या क्वार्टरातल्या रंभाबाई. "मी माह्या डोळ्यानं पाह्यलं ना बाप्पा! डोळ्याच्या जागी दोन भोकसे! अन् तारा अशा लोंबून राह्यल्या, जशा काई आतड्याच!" दुसऱ्या गावात कोणी असं बोललं असतं तर लोक हसले असते. पण आमच्या कॉलनीच्या मागं राखेचं तळं, तळ्यामागं बाभळीचं रान आणि त्या रानात खरोखरीचा वाघ. इथं वाघाच्या नावावर काहीही खपतं. दोन गार्ड काठ्या घेऊन आले, वाकून वाकून पंजाचे ठसे शोधू लागले. सापडले ते एका स्लीपरचे ठसे. घरातून गाडीकडे, गाडीकडून घरात; एकदा नव्हे, निदान वीस वेळा.

एवढ्यावरून कोणीही ओळखायला हवं होतं. एका सकाळी त्याच वाटेनं वीस फेऱ्या मारणारा जीव आमच्या लायनीत एकच आहे, आणि त्याला शेपूट नाही. गाडीचे दिवे रिनानं स्वतःच उपसून काढले होते. वाघीण बछड्यांसह कंपनी बसमध्ये फिरत होती तेव्हा ते दिवे रिनाच्या स्वयंपाकघरात, मुलीच्या केकच्या ओव्हनमध्ये, शंभर डिग्रीवर शेकत होते.

रिना बेचाळीस-त्रेचाळीसची. वीजकेंद्रात बॉयलर मेंटेनन्सला आहे. कुठून वाफ फुसफुसते ते हुडकायचं आणि बंद करायचं, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. बसणं हा प्रकार तिला ठाऊक नाही. चहा उभ्यानं पिते. टीव्ही बघता बघता रिमोटचे सेल काढते, घालते, पुन्हा काढते. लग्नाला गेली तर आहेर देण्याआधी मांडवातल्या पंख्याचा खडखडाट थांबवून येते. नवरा संघपाल नेमका उलट्या घडणीचा. शाळेत भूगोल शिकवतो. सुटीच्या दिवशी त्याला एकदा खुर्चीत ठेवलं की शाळेची घंटा होईपर्यंत उचलावं लागत नाही. अशा घरात तीन वर्षांपूर्वी ती गाडी आली. लाल, दोन दारांची, दोनच सीटांची, विदेशी बनावटीची, जमिनीला पोट टेकवून चालणारी. एका ठेकेदाराच्या पोरानं हौसेनं आणली, पुराच्या पाण्यात घातली आणि अंगणात सोडून दिली होती. तिच्या बोनटवर कोंबड्या बसायच्या. रिनानं ती ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली, तेव्हा संघपालनं खुर्चीतूनच विचारलं होतं, "हे काय आणलं?" आणि रिना म्हणाली होती, "गाडी." यापलीकडे त्या विषयावर नवरा-बायकोत तीन वर्षं काही बोलणं झालं नाही.

इंजिन तिनं उघडलं, धुतलं, बांधलं. गेल्या वर्षी ते सुरू झालं तेव्हा रंभाबाईंच्या फळीवरचे स्टीलचे डबे हलले. रंगही नवा केला. राहिले फक्त दिवे. काच म्हणायची, असतं ते प्लास्टिक. आणि आमच्या इथलं ऊन आणि उडती राख यांच्यापुढे माणसाचं कातडं टिकत नाही, तिथं प्लास्टिकची काय कथा. पिवळे पडले, खरवडले गेले. आतला बल्ब लावला तर हंडीत कंदील ठेवल्यासारखा उजेड यायचा. नवे दिवे नागपूरच्या भंगार बाजारातही मिळेनात. जे आहेत तेच नीट करायचे, आणि फुटले तर दुसरे नाहीत.

मग सप्टेंबरच्या अखेरीला विहारात मीटिंग झाली. पंधरा ऑक्टोबरला संध्याकाळी आमच्या कॉलनीतून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर रॅली जाते. गेल्या वर्षी रॅलीच्या पुढं जो टेम्पो होता त्याचा एक दिवा बंद, आणि चंद्रपूरच्या पोरांनी त्याला 'काण्या' नाव ठेवलं. ते कमिटीचे अध्यक्ष वामनराव दुर्गे यांच्या जिवाला लागलं होतं. वामनराव म्हणजे बॉयलरचे रिटायर फोरमन, रिनाला हातात पाना धरायला शिकवलं ते यांनीच. ते म्हणाले, "औंदा समोरची गाडी दोन्ही डोळ्याईची पाह्यजे. हाय कोनाजोळ?"

रिना उभी राहिली, असं लिहायला हवं. पण ती आधीपासून उभीच होती.

"माही गाडी राहीन समोर, भाऊ."

विहारात हशा. वामनरावही मिशीत हसले. "अवो रिना, तुह्या गाडीले तं मोतीबिंदू झाला. तिलेच हात धरून न्या लागन."

आणि तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेला संघपाल बोलला. "मुलचेऱ्याचा राजदीप मांगून राह्यला तिले. देऊन टाक ना. नवरदेव बसवाच्या कामात येते त्याच्या."

हा राजदीप मंडल मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतला. लग्नाचं डेकोरेशन, बँड, नवरदेवाची गाडी, सगळं पुरवतो. दोनदा येऊन लाल गाडीभोवती फिरून गेला होता. आपल्या हातांनी जुळवलेल्या त्या इंजिनावर झेंडूच्या माळा, आणि सीटवर फेटा सावरत बसलेला कुठला तरी घामट नवरदेव; रिनाला ते चित्र दिसलं आणि तिची जीभ डोक्याच्या पुढं पळाली.

"पंधरा तारखेले दोन्ही दिवे लखलख लागून माही गाडी समोर चालली नाई, तं सोळाले राजदीप घेऊन जाऊ दे! सगळ्याइसमोर सांगतो. मी हू का चू करणार नाई!"

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण कुठे बोललो. घरात दिलेला शब्द घरात फिरवता येतो. विहारात, साठ माणसांपुढे दिलेला शब्द फिरवायला तोंड उरत नाही. आणि संघपाल, जो गॅस संपला तरी सिलिंडरवाल्याला फोन करत नाही, त्यानं घरी पोचल्या पोचल्या राजदीपला फोन केला.

म्हणून ते ओव्हन. दिव्याचं पुढचं प्लास्टिक मागच्या डब्याला काळ्या चिकट डिंकानं चिकटवलेलं असतं, आणि तो डिंक तापल्याशिवाय सोडत नाही. मयुरी, रिनाची मुलगी, घरी केक करून विकते. त्या दिवशी तिची दोन वाढदिवसांची ऑर्डर होती.

"मम्मी, माह्या ओव्हनमंधी हेडलाइट?"

"दहा मिनटं. तुह्या केकाले पस्तीस लागते, माह्याले दहा. सरक."

लाकडाच्या फळीवर ठेवलेला दिवा ओव्हनच्या काचेतून बाहेर बघत होता आणि रिना आत बघत होती. दर मिनिटाला उठत होती, म्हणजे उठायला बसलेली नव्हतीच. पण ओव्हन ते गाडी, गाडी ते ओव्हन अशा त्या वीस फेऱ्या याच वेळच्या. दहाव्या मिनिटाला तिनं हातमोजे घातले, दिवा ओट्यावर टेकवला आणि चपटा पेचकस फटीत सरकवला. डिंक चिक्कीच्या पाकासारखा तार धरत सुटू लागला. जोर जास्त झाला तर कड तडकणार. कमी झाला तर डिंक पुन्हा थंड होणार. काच सुटली तेव्हा तिनं आधी श्वास सोडला आणि मग लगेच दुसरा दिवा आत ढकलला. त्या दोन वाढदिवसांना जे जेवायला गेले होते ते अजून सांगतात, केक छान होता, पण ढेकर मात्र टायरच्या दुकानातली येत होती.

पुढचे आठ दिवस रिनानं लायनीला झोपू दिलं नाही असं म्हणणं खोटं होईल. ती सगळं दिवसाच करत होती, पण तिच्याकडं बघून आम्हालाच थकवा यायचा. शिफ्ट करून यायची आणि डबा न ठेवता ओट्याशी उभ्यानंच कामाला लागायची, एक पाय हलवत. प्लास्टिक पाण्यात भिजवून आधी जाड पॉलिश पेपरनं घासलं, मग बारीक, मग त्याहून बारीक. पाणी दुधासारखं वाहायचं. राख कोरड्या फडक्यानं पुसू नये, ओल्यानंच पुसावी, नाहीतर चरे पडतात, हे आमच्या कॉलनीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी संघपालनं एकदा मदत म्हणून खिशातला रुमाल काढून पुसलं. त्या एका पुसण्यापायी रिनानं एक अख्खा दिवस पुन्हा घासण्यात घालवला.

मग आतलं काम. दिव्याच्या आतली चांदी लखलखीत असते. रिनानं बल्बच्या मागची वाटी कागदानं झाकून तेवढी चांदी ठेवली आणि भोवतालचा सगळा भाग काळ्या रंगानं फवारला. बल्बभोवती बारीक निळ्या उजेडाची एकेक कडी बसवली, तिला वेगळं बटण दिलं.

रंभाबाई कुंपणाला रेलून बघत होत्या. "काजळ घालून राह्यली का वं गाडीले?"

"हाओ. नजर लागते म्हणून."

"कोनाची?"

"तुमचीच, बाई. दुसरं कोन पाह्यते इकडं?"

संघपाल म्हणाला, "निळा दिवा लावशीन तं पोलीस धरते."

"मोठा दिवा पांढराच हाय. निळा फक्त रॅलीत लावतो, पायानं चालत्या माणसाच्या चालीनं. रॅली झाली का बटण बंद."

मग शेवटचं, चिकटवायचं काम. नवा डिंक भरला, पुन्हा ओव्हन, पुन्हा मयुरीचं तोंड वाकडं. दोन्ही कडा दाबून चिमटे लावले. आणि दिवा पालथा करून बघते तर पाठीला दोन भोकं. एक वर, एक खाली, करंगळीसुद्धा जाणार नाही एवढी, त्यांवर रबराची टोपणं.

आता ही भोकं दुसऱ्या कोणाला दिसली असती तर त्यानं सोडून दिली असती. पण रिना बॉयलरची. पहिल्या दिवसापासून वामनरावांनी तिच्या कानात एकच मंत्र ओतला होता, भोक दिसलं का बंद कर, मंग इचार. तिनं टोपणं उपटली, भोकांत तोच डिंक, म्हणजे सीलंट, ठासला, वरून बोट फिरवलं. वामनराव मुद्दाम बघायला आले. त्यांनीही बोट फिरवलं आणि मान हलवली. "वा. थेंब जाणार नाई."

बारा तारखेला संध्याकाळी तिनं दिवे लावले. काळ्या काजळात निळ्या कड्या, मधे पांढरा झोत. रंभाबाईंच्या भिंतीवर उजेडाचे दोन गोळे पडले आणि रंभाबाईंनी त्यात सावलीचा ससा करून दाखवला. संघपालसुद्धा खुर्ची वळवून बसला. रिना त्या दिवशी जेवताना बसली होती, असं मयुरी शपथेवर सांगते.

तेराला सकाळी दिवे आतून धुरकट झाले.

रिनानं बाहेरून पुसलं. पुन्हा पुसलं. मग बोटानं घासलं, मग लक्षात आलं की वाफ आत आहे. वामनराव आले, डोळे बारीक करून पाहिलं आणि निदान केलं, "लिक हाय कुठीतरी. अजून एक हात मार." तिनं दिव्याच्या सगळ्या कडेनं सीलंटचा आणखी एक हात मारला. चौदाला दिवा लावला तर आत थेंब धरले आणि ओघळू लागले. पांढरा झोत गढूळ झाला, निळी कडी पाण्यात पडलेल्या चुरगळलेल्या कागदासारखी दिसू लागली.

"दोन्ही डोळे रडून राह्यले," रंभाबाई म्हणाल्या. त्यांनी हे सहानुभूतीनं म्हटलं होतं. रिनानं बादली आपटली.

संघपालनं गाडीची कागदपत्रं कपाटातून काढून टेबलावर ठेवली. रिना ती रात्रभर बघत राहिली असेल; सकाळी टेबलक्लॉथवर तिच्या कोपराचे दोन खड्डे होते.

पंधराला पहिली शिफ्ट. एक युनिट दोन दिवस बंद होतं, ते त्या सकाळी पेटवायचं होतं. रिनाची ड्यूटी सगळ्यात वर, जिथं बॉयलरचा मोठा ड्रम असतो. बॉयलर पेटवताना वरचा व्हेंट, म्हणजे हवा जायची वाट, उघडा ठेवतात. आतली हवा, ओल, सगळं आधी बाहेर जाऊ देतात, पांढरा लोट सरळ निघू लागला की मगच बंद करतात. त्याआधी कोणी बंद केला तर शिव्या खातो. रिना हे काम डोळे मिटून करते. त्या दिवशी व्हेंटजवळ ती पायावर पाय बदलत उभी होती, डोक्यात नुसता गढूळ झोत. खालून वायरलेसवर आवाज आला, "रामटेके मॅडम, व्हेंट अजून बंद नका करू. हवा निघू द्या."

"हाओ," ती म्हणाली. आणि मग तिचा चेहरा बघणाऱ्यानं सांगितलं की तिनं आधी व्हेंटकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे, ज्यांच्यावर अजून सीलंटचा काळा डाग होता.

"एवढ्या मोठ्या बॉयलरले नाक हाय," ती मोठ्यानं बोलली, "अन् माह्या दिव्याचं नाक मीच दाबलं!"

भोकं गळती नव्हती. दिवा तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट लागते. वाट बुजवली तर ओल आतच राहते. वामनरावांनी शिकवलेलं अर्धंच तिनं वापरलं होतं.

दोनला शिफ्ट सुटली. बस थांबायच्या आधी रिना उतरली होती. रॅली साडेपाचला. घराच्या कोपऱ्यावर मुलचेऱ्याहून आलेला, मोकळ्या फाळक्याचा एक टेम्पो उभा, आत पान चघळत राजदीप. एक दिवस आधीच आलेला.

"नमस्कार दीदी. बोललो, रॅली पण बघून घेईल, सकाळी गाडी पण घेऊन जाईल."

रिना थांबली नाही. गॅसवर बारीक सळई लाल केली, दिवे उतरवले, पाठीची भोकं पुन्हा मोकळी केली. मयुरीचा केस वाळवायचा पंखा एका भोकाला लावला. ऑक्टोबरचं ऊन दुसऱ्या बाजूनं कामाला लागलं. बॅटरीला चार्जर जोडून दिवे पेटवले आणि ती उकिडवी बसून राहिली. उकिडवं बसणं हेच तिच्या बाबतीत मोठं होतं.

साडेतीन. काही नाही. संघपाल दारात येऊन उभा. चारला वरच्या कडेला नखाएवढी जागा स्वच्छ झाली. रिना उठली, गाडीभोवती फिरली, पुन्हा बसली. "मम्मी, तू फिरल्यानं लवकर वाळत नाई," मयुरी म्हणाली. सव्वाचारला वामनराव निळा फेटा बांधून आले आणि मोकळी भोकं बघून ओरडले, "अवो, हे काऊन उघडलं? पानी जाईन ना!"

"भाऊ, बॉयलर पेटवाच्या टायमाले तुमी व्हेंट बंद ठेवत होते का?"

वामनराव फेट्याचा शेव ठीक करू लागले. मग स्वतःच पिशवीतून शेतातल्या ठिबकाच्या नळीचे वाकडे तुकडे काढून आणले. "हे लाव. तोंड खाली ठेव. हवा जाईन, पानी चढणार नाई." ते तुकडे त्यांच्या पिशवीत काय करत होते हे कोणी विचारलं नाही, बॉयलरच्या माणसाच्या पिशवीत काहीही असतं.

पाचला पलीकडचा दिवा स्वच्छ झाला. जवळच्या दिव्यात, खालच्या कोपऱ्यात, एक थेंब होता. तो जाईना. राजदीप टेम्पोतून उतरून मागं उभा राहिला, उघड्या दारातून कागदपत्रांच्या टेबलाकडं बघत. पाच वीस. विहाराकडून ढोलाचा आवाज येऊ लागला. रिनानं दिवे पेटते ठेवूनच जागेवर बसवले, बोनट लावलं आणि थेंबाकडे न बघता गाडी सुरू केली. रंभाबाईंचे डबे हलले.

रॅली निघाली तेव्हा उजेड विझत आला होता. पुढं लाल गाडी, माणसाच्या चालीनं. काळ्या काजळात निळ्या कड्या, आणि रस्त्यावर दोन सरळ, पांढरे, कोरडे झोत. प्रत्येक गतिरोधकाला संघपाल पुढं धावून दोन फळ्या टाकत होता, गाडीचं पोट घासू नये म्हणून. हो, संघपाल. धावत. आमच्या लायनीतल्या निम्म्या लोकांनी रॅली बघायची सोडून तेच बघितलं. तो उरलेला थेंब कुठल्या वळणावर उडाला हे रिनालाही कळलं नाही. चंद्रपूरच्या चौकात पोरांनी वाकून दिव्यांत पाहिलं आणि कोणी काही नाव ठेवलं नाही.

दीक्षाभूमीपाशी गाडी लागली, तिनं निळ्या कड्यांचं बटण बंद केलं. राजदीप गर्दीतून वाट काढत आला, गाडीच्या टपावर हात ठेवला. विहारातला शब्द त्यालाही माहीत होता, तरी माणूस धंद्याचा.

"दीदी, लाइट एकदम फर्स्ट क्लास. तुम्ही खूप खूप मेहनत केला. आता गाडी मला देऊन टाका, तुम्ही थोडा आराम करा."

रिना दार उघडून आधीच बाहेर आली होती, आणि पुढच्या चाकाशी वाकून काहीतरी पिळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आराम पाह्यजे असता राजदीपभाऊ, तं मी चालती गाडी घेतली असती."